आधी गवत उगवू द्या

मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
मॉईल लिमिटेड, नागपूर



तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज बॅटरीच्या सेलसाठी नावाजलेले आहे. शेजारची चिखला खदान भूमिगत, पण डोंगरी उघडी. उघड्या खाणीत खनिजापेक्षा दगडमातीच जास्त निघते आणि तिचे टेकाड खदानीशेजारी वाढत जाते. खनिज मालगाडीने निघून जाते, टेकाड मात्र गावाच्या वाट्याला येते.

टेकाड दिसायला मातीचे, पण ती माती नव्हे. त्यात कुजलेला पाला नाही, नत्र जवळपास नाही, पाणी धरून ठेवण्याची ताकद नाही. गांडूळ तर दूरच, मुळांना साथ देणारी बुरशीही नाही. आषाढातल्या सरीने उतारावर घळी पडतात आणि वाहून आलेला गाळ खालच्या धानाच्या बांधीत किंवा बोडीत बसतो. अशा जागी नुसता खड्डा खणून रोप लावले, तर त्याची गाठ उन्हाळ्याशीच.

यावरचा उपाय परदेशातून आणायची गरज नाही. तो आपल्याच गुमगाव खदानीवर सापडला आहे. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या टेकाडावर साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, घातला. रोपांच्या मुळांशी मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू दिले. ओसाड टेकाडावर झाडे उभी राहिली. कारखान्याचा टाकाऊ गाळ खदानीच्या टाकाऊ दगडाला उपयोगी पडला! संस्था आणि कंपनी दोन्ही एकाच शहरात, तरीही ही रीत भंडाऱ्यातल्या प्रत्येक टेकाडाचा नेम का होऊ नये?

आणखी एक. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची आणि ती चारा, वनस्पती, प्राणी यांना योग्य करण्याची अट खाणपट्ट्यात घालावी. खंडपीठाचे प्रमुख होते नागपूरचे शरद बोबडे. आदेशात गवताचे नाव आहे, हे बरेच झाले. सुबाभूळ लावून उतार वर्षा-दोन वर्षांत हिरवा दाखवता येतो, फोटोही छान येतो. पण मुरूम धरून ठेवते ते मारवेल, पवन्यासारखे गवत, आणि तुमसरच्या गुराढोरांना हवे असते तेही तेच. मग करंज, शिसव, मोह, पळस येऊ द्यावेत.

वृक्षारोपणाचे आकडे गावकऱ्यांनी पुष्कळ ऐकले आहेत. लावलेली रोपे किती, हे पावसाळ्यात कोणीही सांगेल. आपण दर जूनमध्ये डोंगरी आणि चिखल्याच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर एवढेच लावावे: तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज जिवंत किती, कोणत्या जातीची, कोणत्या टेकाडावर. मोजणीला गावचे गुराखी सोबत घ्यावेत. कुठे काय उगवले आणि कुठे काय वाळले, हे त्यांना पाठ असते.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक वाचक