बसलेले इंजिन बांधावे की गाडी मोडीत काढावी?



ऊसबिल खात्यावर पडले की ते कुठे खर्च व्हायचे हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलांची फी, घरातले एखादे लग्न. या यादीत न विचारता घुसणारा एक खर्च म्हणजे दारातली जुनी गाडी. पंधरा-अठरा वर्षे बाजारहाट केला, दवाखाना केला, देवदर्शन केले आणि एक दिवस चढावर खडखड करून जागीच बसली. टोचन लावून गॅरेजला नेली की मेस्त्री बॉनेट उघडून म्हणतो, "इंजिन गेलं. उतरवायला लागतंय."

तिथून घरात दोन पक्ष पडतात. थोरली माणसे म्हणतात, गाडी गुणाची आहे, इंजिन बांधून घ्या. पोरे म्हणतात, "आबा, विका आता, नवी काढू." दोन्ही पक्षांनी हिशेब मात्र केलेला नसतो. एकाला जुन्याची माया सुटत नाही, दुसऱ्याला नव्याची हौस आवरत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, इंजिन बसले एवढ्याच कारणाने गाडी मोडीत काढू नये आणि गाडीवर जीव आहे एवढ्याच कारणाने इंजिन बांधू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. इंजिन कशाने बसले, बाकीची गाडी किती वर्षे टिकेल, आणि तिला आपल्याकडे काम किती आहे.

असा निर्णय आपल्याला नवा नाही. लावणीचा ऊस तुटून गेला की खोडवा ठेवायचा की मोडायचा हे आपण दरवर्षी ठरवतो. तेव्हा लावणीला किती खर्च आला होता हे कोणी धरून बसत नाही. तो खर्च होऊन गेला. आपण बघतो ते बेटे किती जिवंत आहेत, नांग्या किती पडल्या आहेत, पाणी पुरेल का. हुमणी लागलेल्या रानात कितीही खत टाकले तरी खोडवा साधत नाही हे आपण जाणतो. गाडीच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण गॅरेजच्या दाराबाहेर ठेवून जातो. "मागल्या वर्षीच चार टायर टाकलेत, आता कशी विकू?" म्हणतो. टायरचे पैसे गेले. टायर चांगले असल्यामुळे आज गाडीची किंमत जेवढी वाढली असेल, तेवढेच धरावे.

आधी कारण, मग खर्च

"इंजिन गेलं" हे निदान नव्हे. ज्या पिढीने विहिरीवर डिझेल इंजिन चालवून पाणी पाजले, तिला इंजिन दोन गोष्टींवर जगते हे ठाऊक आहे. एक पाणी, दुसरे ऑईल. गाडीचेही तेच आहे. रेडिएटर किंवा होज पाईप गळून पाणी कमी झाले की इंजिन तापते, हेड गॅस्केट उडते, हेड वाकते. काटा वर जाताच गाडी थांबवली असेल तर पुष्कळदा हेड उतरवून त्याचे फेसिंग करणे आणि नवे गॅस्केट टाकणे एवढ्यावर काम भागते. तापलेली गाडी तशीच दामटली असेल तर पिस्टन सिलिंडरला धरतात आणि खर्च कुठल्या कुठे जातो. ऑईल संपले असेल तर बेअरिंगे जळतात, क्रँकवर ओरखडे पडतात. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्याचा बेल्ट तुटला, तर कित्येक जातींत व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात. आणि नुसते वय झाले असेल तर रिंगा व बोअर झिजून गाडी ऑईल खाते, निळा धूर सोडते, चढाला मरते.

आपल्या भागात आणखी एक कारण २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरांनी शिकवले. पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी न चालवता तशीच गॅरेजला नेली तर जे इंजिन साफसफाईवर सुटले असते, ते एका चावीने भंगारात जाते. साध्या विम्यात झिजेने किंवा बिघाडाने गेलेले इंजिन धरत नाहीत, आणि पाणी शिरल्यावर चालवून मोडलेले इंजिनही वेगळे संरक्षण घेतल्याशिवाय धरत नाहीत, हेही ध्यानात असावे.

तेव्हा मेस्त्रीला पहिल्याच दिवशी "करा सगळं" असे सांगू नये. आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगावे, जरूर पडल्यास हेड उतरवावे, बोअर आणि क्रँक मोजून घ्यावे. एवढ्या मजुरीत मोठा खर्च वाचतो किंवा निदान तो का आहे हे तरी कळते. मग सुटे भाग किती, लेथचे काम किती, मजुरी किती, असा तीन भागांत अंदाज लिहून घ्यावा. काढलेले भाग परत मागावेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी बोअर, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग ही कामे करणारे कसबी कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यायला आपल्याला मुंबईला जावे लागत नाही.

काही जण जुन्या बाजारातले इंजिन बसवायला सुचवतात. ते चालू होताना आपल्यासमोर पाहिल्याखेरीज आणि त्याच्या मालकीची कागदपत्रे हातात आल्याखेरीज घेऊ नये. आर.सी. बुकावर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलले की त्याची नोंद आर.टी.ओ.त करावी लागते. पूर्वपरवानगी घेतली नसेल तर १४ दिवसांत कळवावे लागते. नाहीतर पुढे विमा, विक्री, नूतनीकरण सगळेच अडते.

पाटीवरचा हिशेब

हा हिशेब बहुतेक जण चुकीचा मांडतात. समजा इंजिनाचा अंदाज ८० हजारांचा आला. उघडलेल्या इंजिनात क्लच, होज, माउंटिंग असे काही निघतेच, म्हणून ९५ हजार धरा. ही गाडी आहे तशी, बंद, विकली तर ३५ हजार येतील असे धरा. म्हणजे ती ठेवण्याचा खरा खर्च ९५ नव्हे, १ लाख ३० हजार. आता अशीच, याच वयाची, चालू गाडी बाजारात दीड लाखाला मिळत असेल तर आपली बांधलेली बरी, कारण तिचे गुणदोष आपल्याला माहीत आहेत. तशीच चालू गाडी एक लाखाला मिळत असेल तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. आकडे प्रत्येकाचे निराळे असतील, रीत हीच.

नव्या गाडीशी तुलना करायची असेल तर तीही नीट करा. सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याला सुमारे साडेबारा हजारांचा हप्ता बसतो. वरचा ९५ हजारांचा खर्च म्हणजे असे आठ हप्तेसुद्धा नाहीत. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, त्याला दरमहाचा हप्ता सोसतो. आपला ऊस वर्षातून एकदा तुटतो, त्याचे बिल हंगामात येते आणि हप्ता मात्र ऐन श्रावणातही चुकत नाही. त्यात ऊसतोड लांबली किंवा पाऊस कमी झाला तर हप्ता भरायला सोने गहाण पडते. गाडी दारात येते आणि घराची झोप जाते.

तसेच पीककर्जाचे पैसे इंजिनात घालू नयेत, जुन्याही नाही आणि नव्याही नाही. पीककर्जाच्या व्याजाची सवलत मुदतीत फेड करणाऱ्याला मिळते. उसाला खत कमी पडले तर टनेज घटते आणि गाडीचा खर्च दोनदा बसतो.

पत्रा, कागद आणि काम

इंजिन बांधता येते, सडलेली चासी बांधता येत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालून टोचणी मारून पाहावी. चासी, सस्पेन्शनचे जोड, फूटबोर्ड गंजले असतील तर इंजिनावर एक रुपया घालू नये. सुटे भाग मिळतात का तेही विचारावे. अँबॅसिडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. एखाद्या गाडीचे भाग अजून सहज मिळतात, एखादीचे शोधत गॅरेजमध्ये तीन महिने जातात.

कागदांबाबत अफवा फार आहेत. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचा आदेश दिल्ली परिसरापुरता निघाला होता, आपल्याकडचा नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५ हजार झाली आणि २० वर्षांवरील गाडीला २०२५ मध्ये १० हजार झाली. मुदत सहा महिन्यांवर आली असेल तर हा खर्च इंजिनाच्या खर्चात मिळवूनच बघावे. गाडी मोडीतच काढायची ठरली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. नोंदणीकृत केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आर.टी.ओ.त नोंदणी रद्द करून घ्यावी. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

पेट्रोल गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्याच उसापासून बनणारे इथेनॉल २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले, ही आपल्या धंद्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाईप, सील, कार्बोरेटरची गॅस्केटे त्या बेताने बनवलेली नव्हती. इंजिन उघडलेच आहे तर ती नव्या प्रकारची टाकून घ्यावीत, आणि ॲव्हरेज थोडे कमी पडेल हे धरून चालावे.

शेवटी काम. रानात, सोसायटीत, कारखान्यावर अशी दहा-वीस किलोमीटरची ये-जा असेल तर बांधलेले इंजिन उत्तम काम देईल. पण त्याच गाडीने रोज हमरस्त्यावरून कॉलेजची पोरे जाणार असतील, तर माझे मत बदलते. नव्या गाड्यांना २०१९ पासून ए.बी.एस. आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनालाही झाली. जुन्या गाडीत कितीही नवे इंजिन घाला, ब्रेक आणि पत्रा जुनाच राहतो. तिथे काटकसर करू नये. जमेल तर अलीकडची, वापरलेली पण सुरक्षित गाडी रोखीने घ्यावी.

आपला कारखाना दर हंगाम संपला की मिल उघडतो, झिजलेला रोलर बदलतो, चांगला पुन्हा बसवतो. गंजला म्हणून सगळा कारखाना कोणी मोडीत काढत नाही, आणि जुना म्हणून झिजलेला रोलर कोणी ठेवतही नाही. मोजमाप करून ठरवतो. घरच्या गाडीलाही तोच न्याय लावावा. लग्नसराईत पाहुण्यांच्या दारात कोणती गाडी उभी राहिली यावर आपली पत ठरत नाही. ती सोसायटीच्या खात्यावर ठरते.

— एक ऊस उत्पादक सभासद