नर्सिंगच्या नावाखाली आपल्या मुली कुठे पोहोचतात?

बारावीचा निकाल लागला की अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर परिसरात, उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि बदलापूरच्या वस्त्यांत दोन प्रकारचे फलक लागतात. एकावर गुणवंतांचे अभिनंदन असते. दुसऱ्यावर असते: 'नर्सिंगला प्रवेश सुरू. एक वर्षात नोकरीची हमी.' पहिल्या फलकावरच्या काही मुली पुढच्या महिन्यात दुसऱ्या फलकावरच्या पत्त्यावर पैसे भरून आलेल्या असतात. त्यांना नर्स व्हायचे असते. त्या हॉस्पिटलात पोहोचतातही. पण नर्स म्हणून नाही.

हा प्रश्न आपल्या समाजाने गांभीर्याने घ्यायला हवा. आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर पाळ्या करणाऱ्या आई-वडिलांच्या मुलींसाठी नर्सिंग हा मध्यमवर्गात जाण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. मात्र तो मार्ग कुठून सुरू होतो हे घरात कोणालाच माहीत नसते, आणि त्या अज्ञानावर दुकाने चालतात.

खरे कोर्स तीनच

पायाभूत शिक्षणात मान्यता असलेले रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. जीएनएम तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. एएनएम आणि जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते. त्यात खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जातींना ४० टक्के गुण हवेत. २०२३ पासून बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. त्याआधी नीटचे गुण पाहिले जात.

या तिन्हींपैकी एक पूर्ण केला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. तो नोंदणी क्रमांक म्हणजेच नर्स. सरकारी भरती असो, मोठे खासगी हॉस्पिटल असो की परदेश, पहिला प्रश्न नोंदणीचाच येतो. सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' असा कोर्स करून ही नोंदणी मिळत नाही. सहायकाचे कामही प्रामाणिक आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण सहायकाचे शिक्षण नर्सिंग म्हणून विकणे ही फसवणूक आहे. "ताई, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे, मग मला भरतीचा फॉर्म का भरता येत नाही?" हे विचारणारी मुलगी समोर बसते तेव्हा तिचे वर्षही गेलेले असते आणि आईने बचत गटातून उचललेले कर्जही अंगावर असते.

काम तेच, दर्जा वेगळा

आपल्या काही घरांत अजूनही म्हणतात, 'आजाऱ्यांची घाण काढायची, रात्रपाळ्या करायच्या, कशाला ते काम?' या बोलण्यामागे इतिहास आहे. मैला, मृतदेह, रक्त यांना हात लावण्याची कामे जातीने आपल्या पूर्वजांवर लादली आणि मग त्याच कामासाठी त्यांना अस्पृश्य ठरवले. त्या कामांना ना मोबदला होता, ना मान, ना नकार देण्याची सोय.

दुसरीकडे आपली स्वतःची परंपरा वेगळे सांगते. विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या आजाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. कोणी त्याची काळजी घेत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि मग संघाला रुग्णसेवेचे कर्तव्य समजावले. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

म्हणून नर्सिंगकडे पाहताना प्रश्न 'घाणीला हात लावायचा का' हा नाही. हात कोणत्या अधिकाराने लावायचा, हा आहे. शरीरशास्त्र आणि औषधांची मात्रा शिकलेली, नोंदणी असलेली, वेतनश्रेणीत असलेली परिचारिका जखम धुते तेव्हा तो व्यवसाय असतो. तेच काम कागदाशिवाय, तुटपुंज्या पगारावर, 'सिस्टर' म्हणून हाक मारत करून घेतले जाते तेव्हा जुनीच व्यवस्था नव्या गणवेशात परत आलेली असते. बोगस कोर्सचा सर्वात मोठा तोटा हा आहे.

कागद गावात, मुलगी शहरात

राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. कायद्याने दार उघडे आहे. अडते ते दाखल्यांवर.

व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आपल्या भागातील बहुतेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, खानदेश किंवा पश्चिम महाराष्ट्रातून आलेली आहेत. त्यामुळे आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल गावाकडेच मिळणार. ते शाळेत गेलेच नसतील तर शोध आणखी लांबतो. शिवाय १९५६ चे धर्मांतर नंतरचे. जुन्या कागदावर पूर्वाश्रमीची जात असते, वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते, आणि आडनावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे. ही साखळी जोडायला महिने जातात. प्रवेशफेरी मात्र काही दिवसांत संपते.

त्यामुळे हे काम अकरावीतच सुरू झाले पाहिजे. बारावी विज्ञानाला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाची वैधता झालेली असेल तर काम बरेच सोपे होते. म्हणजे घरात एकाने जरी हे काम पूर्ण केले तरी पुढच्या सगळ्यांचा रस्ता मोकळा होतो. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी, म्हणजे एम्स, रेल्वे, ईएसआयसी यांसाठी, केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

'सगळं फुकट आहे' हा गैरसमज

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. त्यावरून 'मुलींना आता सगळं मोफत' अशी चर्चा आपल्याकडेही झाली. अनुसूचित जातींसाठी योजना वेगळ्या आणि आधीपासूनच्या आहेत. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापुढे फ्रीशिप. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

पण अट महत्त्वाची आहे: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला हवा. 'सीट मॅनेज करून देतो' म्हणणाऱ्या एजंटमार्फत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की या सवलती हातच्या जातात आणि खासगी महाविद्यालयाची पूर्ण फी अंगावर पडते. एजंट हे सांगत नाही. फेरीत पहिल्यांदा नाव लागले नाही म्हणून घाबरलेला बाप तिथेच अडकतो.

घरापासून दूर शिकायचे असेल आणि शासकीय वसतिगृह मिळाले नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्यांना तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळू शकतात. नर्सिंगमध्ये वॉर्डची ड्युटी पहाटेपासून असते. बदलापूरहून रोज जेजेला जाऊन चार वर्षे काढणे प्रत्येकीला जमत नाही. योजनेचे पैसे मात्र उशिरा येतात, मेस आणि खोलीचे भाडे महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागते. गळती इथे होते.

पहिली नोकरी, पहिला पगार

नोंदणी झाली तरी लढाई संपत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतांतून भरती करण्याविरुद्ध संप केला. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध त्या पुन्हा रस्त्यावर आल्या. कायम पदे रिक्त ठेवून कंत्राट वाढवले की आरक्षणही आपोआप पातळ होते, हे आपण इतर खात्यांत पाहिलेच आहे.

खासगी क्षेत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दखल घेतली आणि त्यातून केंद्राची समिती नेमली गेली. समितीने सांगितले की २०० हून अधिक खाटांच्या हॉस्पिटलने सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही तो २० हजारांखाली नसावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या तिन्ही शहरांत छोट्या नर्सिंग होमची संख्या मोठी आहे. तिथे काम करणाऱ्या किती मुलींना हा आकडा माहीत तरी आहे?

मनुष्यबळ कमी पडते तेव्हा काय होते हेही आपल्याला दूरचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. आपल्याकडचे गंभीर रुग्ण कळवा, सायन, केईएमकडेच पाठवले जातात. रुग्णालयात पुरेशा प्रशिक्षित परिचारिका असणे हा त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे तितकाच आपल्या जिवाचाही.

विहारापासून सुरुवात

केरळच्या मुली नर्सिंगमध्ये पुढे का, याचे उत्तर फक्त शिक्षणात नाही. तिथे मावशी नर्स असते, शेजारीण आखातात असते, चर्चमध्ये फॉर्म भरून देणारे असतात. माहिती घरात असते. आपल्याकडे माहितीची ही जागा विहार घेऊ शकते, कारण लोक तिथे येतातच.

तीन गोष्टी लगेच करता येतील. एक, वर्षावासात प्रवचनासोबत एक रविवार दहावी-अकरावीच्या पालकांसाठी ठेवावा आणि त्या दिवशी वैधतेचे कागद तपासावेत. दोन, वस्तीतील नोकरीत असलेल्या परिचारिकांची यादी करावी. प्रत्येकीने दोन मुलींची जबाबदारी सीईटीपासून नोंदणीपर्यंत घ्यावी. तीन, जयंतीच्या वर्गणीतला काही भाग फिरत्या निधीसाठी काढावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत खोलीभाड्यापुरती रक्कम बिनव्याजी द्यायची, आली की परत घ्यायची.

आणि एक मागणी सरकारकडे. अंबरनाथला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली, ती २०१४ नंतर तोवर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. अंबरनाथचे महाविद्यालय त्यानंतरचे. डॉक्टर घडवण्याची सोय आपल्या दारात आली आहे, तर तिला जोडून शासकीय बी.एस्सी. नर्सिंगच्या जागाही इथेच मिळाव्यात, हे येत्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराला विचारले पाहिजे.

तोपर्यंत एवढे तरी करू. मुलगी 'नर्सिंगला प्रवेश घेतला' असे सांगेल तेव्हा पेढा हातात घेण्याआधी विचारू: बाळा, या कोर्सनंतर परिषदेची नोंदणी मिळते का?