लक्ष्मी आणि शिंदी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. आमच्या धाराशिवकडे त्या दिवसांत तिला केरसुणी म्हणणेही बरे दिसत नाही. ‘लक्ष्मी केवढ्याला दिली?’ असेच विचारायचे. ही लक्ष्मी शिंदीच्या पानांची. मातंग समाजातील कारागीर ती बांधतात. आणि गंमत पाहा, याच शिंदीच्या खोडातून जो रस गळतो, तो पिऊन कित्येक घरांतली लक्ष्मी बाहेर पडली आहे! सणासुदीला दारूची गोष्ट काढली म्हणून कोणी नाक मुरडू नये. गोष्ट त्या केरसुणीच्याच झाडाची आहे.

शिंदी म्हणजे रानटी खजुरी. थंडी पडू लागली, की शेंड्याखालचे खोड एका बाजूने तासायचे, खाच पाडायची आणि खाली मडके बांधायचे. रात्रभर थेंब थेंब रस साचतो. उजाडता उजाडता उतरवला तर ती नीरा; गोड, थंडगार, लेकराला द्यावी अशी. ऊन चढले, की हवेतले किण्व कामाला लागते, फेस येतो आणि दुपारपर्यंत तिची शिंदी होते. आणखी एक-दोन दिवस ठेवली तर आंबून शिरका! सकाळी सोज्वळ, दुपारी झिंगलेली आणि मग आंबट चेहऱ्याची. माणसांतही असे नमुने मी पाहिले आहेत.

या कुळातल्या पेयांनी परदेशात मात्र मोठे नाव काढले. माझ्या एका स्नेह्याला सर्दी झाली, की तो ऐटीत ‘हॉट टॉडी’ मागवतो. व्हिस्की, गरम पाणी, मध, लिंबू आणि वर एखादी लवंग! ही टॉडी म्हणजे आपली ताडी, हे त्याला सांगितले तेव्हा सर्दीपेक्षा त्याचेच त्याला अधिक दुःख झाले. पार्टीतले ‘पंच’ही बहुतेकांच्या मते आपल्या ‘पाचा’वरूनच आले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे गोरे इथली दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस एकत्र करून पीत. आपल्या पंचामृताचा हा वाह्यात चुलतभाऊच म्हणायचा! साहेबाच्या पेल्यात गेली तेव्हा ताडी प्रतिष्ठित झाली. मडक्यात राहिली ती बदनाम.

पण आमच्याकडची शिंदी नुसती बदनाम नव्हती, ती सरकारच्या कमाईची होती. धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उस्मानाबाद हे नावही निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरूनच पडलेले. संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा. बांधावरचे झाड शेतकऱ्याने वाढवलेले असो, परवान्याशिवाय त्याचा रस काढायची सोय नव्हती. दुकानांचे गुत्ते सुटत आणि गुत्तेदार गब्बर होत. गावातला गरीब जेवढा अधिक पिईल, तेवढे सरकार सुखी!

म्हणूनच १९४७ साली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हाही सत्याग्रहाचा एक भाग झाला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वी आमच्याच जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते. झाड पडले, की निजामाचे उत्पन्न पडले, हा सरळ हिशोब. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानाचे राज्य संपले.

त्या कुऱ्हाडी चालवणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. पण त्याच घावाखाली केरसुणी बांधणाराची पानेही गेली, हे कोणी हिशोबात धरले असेल का? आणि पिणे तरी कुठे थांबले? मडके गेले, बाटली आली. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची देशी दारू गावोगाव पोचली. शिंदीला निदान ऋतू होता. चार महिने हिवाळ्याचे, की झाडही विसावा घेई आणि पिणाराही. बाटलीला बारा महिने सुगी! कर मिळतो तो सरकारला, नफा दुकानदाराला, आणि रात्रीचा मार वाट्याला येतो घरातल्या बाईच्या.

महाराष्ट्रात आता बायकांनी मतदान करून गावचे दुकान बंद पाडण्याची सोय आहे. ‘आडवी बाटली’ म्हणतात तिला. मला ती कुऱ्हाडीपेक्षा शहाणी वाटते. कुऱ्हाड झाडावर पडते. हे मत थेट गुत्त्यावर पडते. झाडाचा अपराध काय? ते बिचारे पहाटे नीराच देत होते.

तेव्हा यंदा बाजारात लक्ष्मी घ्याल, तेव्हा घासाघीस करू नका. तिच्यासाठी पान शोधत हिंडावे लागते. आणि घरातली जी लक्ष्मी ती हातात घेते, तिचे मत दुकानाविषयी काय आहे, तेही एकदा विचारून पाहा.