नियमाच्या पोटातली अट

प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग बदलतो, दिशा बदलते, पण वारंवारिता बदलत नाही. शाळेत हे वाक्य मुलांकडून घोकून घेतलं जातं. का बदलत नाही, हे फारसं कोणी सांगत नाही. मी बी.ए.वाला, भाषेचा मास्तर. पण मला हे 'का' कधी स्वस्थ बसू देत नाही.

खरं तर कारण साधं आहे. शाळेच्या फाटकापाशी मिनिटाला दहा मुलं येत असतील, तर पलीकडेही मिनिटाला दहाच निघणार. बाहेर ती धावोत की रेंगाळोत. पण ही गोष्ट खरी कधी? फाटक जागच्या जागी गप्प उभं असेल तेव्हा! मधेच कोणी ते उघडझाप करू लागलं, तर हिशेब मोडतो.

हेच २०२३ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रिकार्डो सॅपिएन्झा आणि मंडळींनी करून दाखवलं. फाटक म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. (मोबाइलच्या पडद्यात असतो तोच, बरं का!) लेसरचे दोन झटके देऊन त्यांनी त्या थराचा आरसेपणा लागोपाठ दोनदा क्षणभर वाढवला. क्षण तरी केवढा? फेम्टोसेकंदांतला. एका फेम्टोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. परतलेल्या प्रकाशाची वारंवारिता बदललेली होती, आणि तिच्यात पट्टे उमटले होते. थॉमस यंगला दोनशे वर्षांपूर्वी असेच पट्टे पडद्यावर दिसले होते. त्याच्या फटी जागेत होत्या, या काळात.

त्याआधी २०११ साली हार्वर्डच्या फेदेरिको कापासोंच्या गटाने सोन्याच्या अतिसूक्ष्म आकृत्या मांडून सपाट पृष्ठावरून प्रकाश हवा तसा वळवला होता. आता अशी पृष्ठं काळानुसारही बदलती करायची धडपड चालू आहे.

अशा बातम्या आल्या की आपल्याकडे लगेच "पुस्तकं खोटी ठरली" अशी आवई उठते. मला ती साफ अमान्य आहे. नियम शाबूत आहे, त्याच्या पोटातली अट तेवढी उघडी पडली. माझं म्हणणं इतकंच, की पुस्तकात त्या वाक्यापुढे पाच शब्द घालावेत: 'माध्यम काळानुसार बदलत नसेल तर'. परीक्षेत मार्क नकोत त्याला. पण "तसं असतं, लिहून घे" हे उत्तर ऐकून गप्प बसलेली हुशार मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातली काही पुढे प्रश्न विचारेनाशी झाली.

असो. तुमच्यापैकी कोणी विज्ञान शिकवत असेल, तर फाटकाचा दाखला वर्गात सांगून बघा. मुलं काय विचारतात ते मला जरूर कळवा.