अमिरी बराका : क्लेचे भाषण आणि त्यानंतर

दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संदर्भ येणे स्वाभाविक आहे. म. ना. वानखडे व जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने तो मराठीत रुजविला आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. परंतु या तुलनेत लेरॉय जोन्स ऊर्फ अमिरी बराका (१९३४-२०१४) हे कवी-नाटककार आले, तर ते बहुधा विद्रोहाची घोषणा म्हणून येतात. ब्लॅक पँथर आणि ब्लॅक आर्ट्स ही एकाच चळवळीची दोन नावे होत, असाही समज त्यातून बळावतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेला पँथर पक्ष वर्गलढ्याची भाषा बोलत होता; बराका मात्र त्या दशकाच्या उत्तरार्धात रॉन करेंगा यांच्या सांस्कृतिक राष्ट्रवादाकडे झुकले होते. हे दोन प्रवाह परस्परांचे विरोधक होते. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ परिसरात करेंगांच्या संघटनेशी झालेल्या संघर्षात पँथरचे दोन कार्यकर्ते मारले गेले, इतका हा विरोध टोकाचा होता.

बराकांचे चरित्र थोडक्यात असे : जन्म न्यूअर्क येथे, शिक्षण हॉवर्ड विद्यापीठात, तेही अर्धवट, पुढे वायुदलातील नोकरी आणि कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून तेथून हकालपट्टी. त्यानंतर ग्रेनिच व्हिलेजमधील बीट कवींच्या सहवासात ‘युगेन’ हे नियतकालिक, हेटी कोहेन या ज्यू तरुणीशी विवाह, १९६१ मध्ये पहिला काव्यसंग्रह आणि १९६३ मध्ये ‘ब्लूज पीपल’ हा संगीतविषयक ग्रंथ. ‘डचमन’ हे नाटक याच वातावरणात लिहिले गेले, ही गोष्ट विसरून चालत नाही. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये ते रंगमंचावर आले, तेव्हा त्याचा कर्ता अद्याप लेरॉय जोन्सच होता.

नाटक दोनच प्रवेशांचे आहे. भुयारी रेल्वेच्या डब्यात लूला ही गोरी स्त्री सफरचंद खात क्ले या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाशी सलगी करते, त्याच्या कोट-टायची टर उडविते, त्याला डिवचत राहते. महाविद्यालयात असताना स्वतःला बोदलेअर समजणारा हा सुशिक्षित तरुण अखेर उसळतो. त्याच्या दीर्घ भाषणाचा आशय असा की, बेसी स्मिथचे गाणे आणि चार्ली पार्करचे वादन हे न केलेल्या खुनाचे पर्याय आहेत. खून केले असते तर संगीताची गरजच उरली नसती. परंतु क्ले खून करीत नाही. तो आपल्या शब्दांच्या आश्रयाला परत जाऊ पाहतो आणि त्याच क्षणी लूला त्याला भोसकते. सहप्रवासी निमूटपणे प्रेत बाहेर टाकतात. पुढे दुसरा कृष्णवर्णीय तरुण डब्यात शिरतो.

हे नाटक केवळ गोऱ्या समाजावरील आरोपपत्र मानणे हा त्याचा संकोच होय. क्ले हा बऱ्याच अंशी स्वतः जोन्सच आहे. कविता लिहिणे म्हणजे कृती टाळणे तर नव्हे, हा प्रश्न लेखक येथे स्वतःला विचारतो आणि त्याचे उत्तर देत नाही. नाटकाची सारी शक्ती या अनुत्तरित प्रश्नात आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. जोन्स कुटुंब व व्हिलेज सोडून हार्लेमला गेले आणि तेथे त्यांनी ब्लॅक आर्ट्स रंगभूमी उभारली. कविता हेच शस्त्र, हे उत्तर त्यांना आता मिळाले होते. उत्तर मिळाले आणि नाट्य क्षीण झाले, असे म्हणणे भाग आहे. कारण विरुद्ध बाजूला माणूस न राहता केवळ शिक्का उरला. ‘स्लेव्ह शिप’ हा अपवाद. जहाजाच्या तळघरातील अंधार, वास आणि आक्रोश यांवर उभे राहिलेले ते नाटक घोषणेच्या पलीकडे जाते.

या शिक्क्यांची किंमत कवितेत अधिक उघड दिसते. साठोत्तरी कवितांतील ज्यूद्वेष बराकांनी १९८० मध्ये एका लेखातून जाहीरपणे नाकारला. तोपर्यंत ते मार्क्सवादी झाले होते. तरीही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या दीर्घ कवितेत, इस्रायली कामगारांना हल्ल्याची पूर्वकल्पना असल्याची निराधार अफवा त्यांनी प्रश्नरूपाने गुंफली. २००२ मध्ये ते न्यू जर्सीचे राजकवी होते. राज्यपालांनी राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला नाही. कायद्याने कवीला पदावरून काढण्याची सोय नसल्याने २००३ मध्ये विधिमंडळाने ते पदच रद्द केले. सत्तेचे हे वर्तन निषेधार्हच होते. मात्र त्या निषेधाच्या आडून कवितेतील असत्याला विद्रोहाचे नाव देणाऱ्या समीक्षेला क्लेचे भाषण ऐकूच आलेले नसते. त्या भाषणात शिव्या आहेत, अफवा नाही.