घाट म्हणजे वारी नव्हे

ज्येष्ठ महिना सरत आला की अलीकडे आमच्या सीमाभागात एक नवे खूळ उठते. रात्री लक्झरी सुटते, पहाटे पुण्याच्या पलीकडे पोहोचते. मंडळी वडकी नाक्याच्या आसपास उतरतात, माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढतात, माथ्यावर फोटो काढतात आणि पुढे जाऊन थांबलेल्या त्याच गाडीत बसून घरी येतात. दुसऱ्या दिवशी शाळेत मुले सांगतात, "सर, आम्ही वारी केली!" मुलांचा दोष नाही. त्यांच्या वडिलांना मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे की तुम्ही घाट चढलात, वारी केली नाही.

पुणे ते सासवड हा टप्पा किती कठीण आहे हे मी ऐकून लिहीत नाही. दिंडीतून तो मी तीनदा चाललो आहे. सुमारे तीस किलोमीटरची चाल. बहुधा त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर शेंगदाणे आणि केळे. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या वाटेला लागते, माउलींची सासवडकडे वळते. ऊन असले तर डांबर तापते, पाऊस असला तर अंगावर प्लॅस्टिकचा कागद. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. पण खरे सांगायचे तर घाट अवघड नाही. चढताना टाळमृदंग वर ओढून नेतो. अवघड आहे ते माथ्यानंतरचे. फोटो संपलेले असतात, पोटऱ्या दगड झालेल्या असतात आणि सासवड अजून दोन-अडीच तास दूर असते. आमची लक्झरी नेमकी इथूनच माघारी वळते!

मग या मंडळींचे काय हुकते? संध्याकाळी तळावर समाजआरती होते. हजारो माणसे, शेकडो टाळ. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सारे शांत! ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात. हरवलेल्या वस्तूंची, सापडलेल्या माणसांची घोषणा होते, मगच आरती. दिवसभर तीस किलोमीटर चाललेली, उपाशी माणसे ही शिस्त पाळतात. मी मुख्याध्यापक आहे. चारशे मुले शांत करायला मला दोनदा घंटा द्यावी लागते. हे पाहायला मुलाला नेणार नसाल तर त्याला घाटात नेऊन उपयोग काय?

कुणी म्हणतील, सर, नोकरदाराला इतक्या दिवसांची रजा कोण देतो? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर घाटाच्या सहलीत नाही. आळंदी ते पंढरपूर चालीचे साधारण चौदा टप्पे होतात. यंदा पुणे-सासवड चाला. आधी दिंडीप्रमुखांना विचारा, विणेकऱ्यांच्या मागे चाला, पंगतीत जेवा, वाढा, राहुटीत झोपा. पुढच्या वर्षी सासवडपासून जेजुरी, त्याच्या पुढच्या वर्षी वाल्हे. मुलगा कमावता होईतो पंढरपूर येईल, आणि ते त्याच्या पायांनी आलेले असेल.

आम्हा सीमाभागातल्यांना तर लाज वाटावी असे आणखी एक कारण आहे. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी आजच्या सोहळ्याची घडी बसवली, तेव्हा त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांचे साह्य झाले. अंकली आपल्याच जिल्ह्यात, चिकोडी भागात. आजही माउलींचे अश्व तिथूनच जातात, आणि आळंदीपर्यंतचे सुमारे तीनशे किलोमीटर पायी जातात. त्यांची खरी वारी त्यानंतर सुरू होते. आपल्या जिल्ह्याचा घोडा चालत जातो आणि आपण गार हवेच्या गाडीतून!

मराठीचा प्रश्नही इथेच येतो. १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत पुढे असणारे कितीतरी पालक जूनमध्ये मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घालतात. मग घरात मराठी उरते ती हाका मारण्यापुरती. दिंडीत पहाटे काकडा, वाटेने मालिकेतले अभंग, संध्याकाळी हरिपाठ. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, तरी आठ दिवसांत मुलाच्या तोंडी शेकडो ओळी बसतात. शेजारी कन्नड बोलणारा वारकरीही तेच म्हणत असतो. माउलींनी विठ्ठलाला कानडा म्हटले, त्यामुळे मराठीचे काही उणे झाले नाही. भाषा अशी टिकते. तोंडाने म्हणून आणि पायाने चालून. नुसत्या घोषणांनी ती टिकलेली मी पाहिली नाही.

म्हणून पुढच्या ज्येष्ठात लक्झरी ठरवणाऱ्या मंडळांना माझे सांगणे एवढेच: गाडी खुशाल ठरवा, पण ती माणसे सोडून रिकामी परत पाठवा.