मणी मोजा, तासही मोजा

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण काय लुटायचे, हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. चाळण्या झाल्या, डबे झाले, गाळणी झाली. त्यांतली निम्मी पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हळदी-कुंकवात फिरत असतात, हे आपल्यालाही ठाऊक आणि देणारीलाही! म्हणूनच या आठवड्यात हाताने केलेली वस्तू घेतली आहे. क्रोशाच्या सुईने विणलेली मण्यांची पट्टी, म्हणजेच हातातले ब्रेसलेट. साखळी आणि मुका खांब एवढे दोनच टाके येत असले, तरी ती जमते. वाणाखेरीज भाचीच्या वाढदिवसाला, मैत्रिणीच्या डोहाळेजेवणाला, रुखवतात मांडायलाही ती शोभून दिसते.

आणखी एक फायदा सांगते. खोट्या दागिन्यांमुळे पुष्कळ मुलींच्या मनगटावर नाहीतर मानेवर खाज सुटते, लाल चट्टे उठतात. बहुतेक वेळा याला त्या धातूतले निकेल कारण असते. सुती दोरा आणि काचेचे मणी यांचा तो त्रास नाही. फक्त बटण धातूचे न लावता लाकडी, काचेचे किंवा शिंपल्याचे लावा.

साहित्य : २० नंबरचा सुती क्रोशाचा दोरा एक गुंडी, १.२५ मिलिमीटरची पोलादी सुई, ८ नंबरचे काचेचे मणी १००, सुमारे एक सेंटिमीटरचे एक बटण, मणी ओवायची बारीक सुई. दुकानात नंबर सांगताना गोंधळ होतो, तेव्हा एवढे लक्षात ठेवा की मण्यांचा आणि दोऱ्याचा नंबर वाढला की जिन्नस बारीक होतो. ८ नंबरचा मणी साधारण तीन मिलिमीटरचा असतो, ११ नंबरचा दोन मिलिमीटरचा. ११ नंबरच्या मण्यातून आपला २० नंबरचा दोरा बहुधा जाणार नाही. म्हणून दुकानात जाताना दोऱ्याचा तुकडा बरोबर न्या आणि मणी ओवून पाहूनच घ्या.

घरी आणल्यावर रंगाची परीक्षा करायला विसरू नका. चार मणी आणि वीतभर दोरा साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, मग पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडक्याला रंग लागला, तर तो माल भेटीच्या कामाचा नाही. पांढऱ्या मण्यांबरोबर लाल किंवा काळा दोरा घ्यायचा असेल, तर ही परीक्षा केलीच पाहिजे.

मणी आधी ओवायचे : या कामातली मुख्य गोष्ट हीच. विणायला बसल्यावर मणी घालता येत नाहीत, ते सगळे आधीच दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात. क्रोशाचा दोरा बारीक सुईच्या नाकात जात नाही. त्यासाठी शिवणाचा दोरा दुहेरी करून त्याची दोन्ही टोके सुईत ओवा, म्हणजे मागे एक फास तयार होतो. त्या फासात क्रोशाच्या दोऱ्याचे टोक अडकवा आणि मणी सुईवरून खाली ओढत न्या. बारीक सुई नसेल, तर दोऱ्याच्या टोकाला डिंक किंवा नखांचे पॉलिश लावून वाळू द्या आणि तिरके कापा. टोक सुईसारखे कडक होते.

पट्टीला ९० मणी लागतात, पण ओवा १००. जास्तीचे शेवटी काढून घेता येतात. कमी पडले, तर मध्येच दोरा तोडून गाठ मारावी लागते आणि ती गाठ कितीही लपवली तरी दिसते. दोन-तीन रंगांची नक्षी करायची असेल, तर ओवण्याचा क्रम उलटा ठेवा, कारण शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जातो.

कृती : सुरुवातीला दोऱ्याचे वीतभर टोक सोडून ६१ साखळ्या घाला. ही साखळी मनगटाभोवती धरून पाहा, दोन टोकांत बोटभर अंतर राहिले पाहिजे. हात घट्ट-सैल असतो, त्याप्रमाणे साखळ्या कमी-जास्त करा, मात्र दोन-दोननेच. मनगट जाड असल्यामुळे साखळ्या वाढवल्या, तर मणीही त्या हिशेबाने वाढवा.

ओळ १ : सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून प्रत्येक साखळीत एक मुका खांब. एकूण ६० खांब. शेवटी एक साखळी घालून काम उलटवा. पुढे प्रत्येक ओळीच्या शेवटी असेच करायचे.

ओळ २ : एक साधा मुका खांब, एक मण्याचा, असे शेवटपर्यंत. मण्याचा खांब असा : सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्या, सुईवर दोन वेढे होतील. आता एक मणी सरकवत अगदी विणीला भिडवा. मण्याच्या पलीकडचा दोरा सुईवर घ्या आणि दोन्ही वेढ्यांतून एकदम काढा. मणी विणीच्या पाठीमागे बसलेला दिसेल. घाबरू नका, तो तिथेच हवा. दुसरी, चौथी आणि सहावी ओळ आपण उलट्या बाजूने विणतो, म्हणून मणी आपोआप सुलट बाजूला येतात.

ओळ ३ : सगळे साधे मुके खांब.

ओळ ४ : या वेळी सुरुवात मण्याच्या खांबाने, मग साधा. त्यामुळे मणी आधीच्या ओळीतल्या मण्यांच्या मधोमध येतात आणि नक्षी जाळीसारखी तिरपी दिसते.

ओळ ५ : तिसरीप्रमाणे. ओळ ६ : दुसरीप्रमाणे. ओळ ७ : तिसरीप्रमाणे.

सातवी ओळ संपली की दोरा न तोडता पट्टीच्या अरुंद कडेवर वळा. तिथे सात ओळींची सात टोके दिसतील. पहिल्या तीन टोकांत एकेक मुका खांब घाला, मग आठ साखळ्यांचा फास करा, मधले टोक सोडा आणि उरलेल्या तिघांत एकेक मुका खांब घालून दोरा आवळा. फासातून बटण किंचित ओढूनच जायला हवे. सहज गेले, तर ते हातातून सहज सुटेलही. दुसऱ्या कडेला दोऱ्याच्या वेगळ्या तुकड्याने बटण शिवा. बाकीची टोके उलट बाजूने विणीत दोन-तीन इंच फिरवून मगच कापा.

आता थोड्या खबरदाऱ्या. मणी पितळी ताटात नव्हे, तर ताटावर पांढरा टॉवेल पसरून त्यावर ठेवा, म्हणजे घरंगळत नाहीत. एखादा जास्तीचा मणी विणला गेला आणि उसवायचा कंटाळा आला, तर पक्कडीने फोडता येतो, पण फोडताना वर फडके धरा, काचेचा कण डोळ्यात उडतो. दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवा, बोटे मोकळी करा, लांबवर नजर टाका. चाळिशी लागली असेल, तर चष्मा लावूनच बसा. त्यात कमीपणा कसला? पट्टी धुताना साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाबायची, पिळायची नाही, सावलीत सपाट वाळवायची. आणि तान्ह्या बाळासाठी किंवा तीन वर्षांखालील मुलांसाठी मण्यांची वस्तू करू नका, पाळण्यालाही टांगू नका. सुटलेला मणी तोंडात जायला वेळ लागत नाही.

हात बसल्यावर एका पट्टीला, ओवण्यापासून बटण लावण्यापर्यंत, साधारण तीन तास धरा. पंचवीस वाणे म्हणजे पंचाहत्तर तास! रोज तासभर बसलात, तरी अडीच महिने. म्हणजे संक्रांतीसाठी ऑक्टोबरच्या अखेरीस सुई हातात घ्यायला हवी. एवढे जमणार नसेल, तर पट्ट्या जवळच्या पाचजणींसाठी ठेवा आणि बाकीच्यांना दुसरे काही द्या. रात्र-रात्र जागून, घरच्यांवर चिडचिड करून दिलेल्या भेटीत गोडवा तो कसला राहणार?

इथे मूळ मुद्द्यावर येते. तुमची पट्टी चारचौघींत दिसली की आठवड्याभरात निरोप येतो, ‘‘वहिनी, किती छान केलंय हो! आमच्या मुलीच्या मैत्रिणींसाठी दहा करून द्या ना. मण्यांचे पैसे देईन मी. तुम्ही काय, घरीच तर असता!’’

हे ‘घरीच तर असता’ नीट ऐका. हे वाक्य आजचे नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे हजारो बायकांच्या हातची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यावर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यातला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. या बायका दिवसाचे कितीतरी तास लेस विणत, पण सगळे त्यांना म्हणत गृहिणी, आणि त्यांच्या कामाला म्हणत फावल्या वेळचा उद्योग. काम ‘फावल्या वेळचे’ ठरले की मजुरीही तशीच मिळते. सुई तीच, दोरा तोच, फक्त नाव बदलले आणि मोल उतरले. उलट आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने कितीतरी कुटुंबांच्या घरात चार पैसे आणले. तिथे हे काम पोटाचे म्हणूनच ओळखले गेले.

म्हणून दोन गोष्टी मनाशी पक्क्या वेगळ्या ठेवा. भेट ती भेट. तिचा हिशेब करायचा नाही, बोलूनही दाखवायचा नाही. ऑर्डर ती ऑर्डर. तिचा हिशेब वहीत लिहायचा. एका बाजूला दोरा, मणी, बटण. दुसऱ्या बाजूला तास. तासाचा दर काय लावायचा, असे विचाराल, तर घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना आपण ज्या हिशेबाने पैसे देतो, त्याहून आपला तास स्वस्त धरू नका. समजा, साहित्य चाळीस रुपयांचे आणि तासाचे तुम्ही शंभर धरलेत, तर तीन तासांची पट्टी तीनशे चाळीसची झाली. ‘‘बाजारात पन्नासला मिळते,’’ असे कुणी म्हणाले, तर हसून सांगा, ‘‘मिळते हो, तीही छानच असते. ती घ्या की!’’ भांडायचे कारण नाही, आणि दर उतरवायचेही नाही.

नात्यातल्या माणसांना सांगायला जीभ अडखळते, हे मान्य. तिथे असे म्हणून पाहा, ‘‘लेकीसाठी एक माझ्याकडून भेट. बाकी नऊ करायला महिना लागेल आणि एकीचे इतके होतील. चालेल का?’’ प्रेमही राहते आणि किंमतही कळते. ज्यांना खरेच हवे असते, त्या थांबतात. ज्या थांबत नाहीत, त्यांच्यासाठी महिनाभर डोळे शिणवले नाहीत, हेच बरे झाले म्हणायचे.

आणि घरातल्या मंडळींनाही हे कळू द्या. पट्टी विणत असताना ‘जरा चहा टाक’ म्हणून हाक आली, तर ‘‘एवढी ओळ संपवते, तोवर तुम्हीच आधण ठेवा,’’ असे म्हणायला काहीच हरकत नाही. ओळ मध्येच सोडली, तर मणी चुकतात, हे तर खरेच आहे!

पुढच्या आठवड्यात याच मण्यांची राखी पाहू. वजनाला हलकी, पाकिटात मावणारी, परगावच्या भावालाही टपालाने धाडता येईल अशी. दहा मणी उरले आहेत ना? ते जपून ठेवा.